४१ हजारांवरनं सतराला: पोरांची कादंबरी मापात आणताना

पोरांसाठी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा किती शब्दांची लिहायची हे कुणाला विचारावं हेच कळेना. मराठीत याबद्दल कुठं नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून मी काय काय केलं ते जरा इस्कटून लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, लेखक-बिखक नाही, दिवाळी अंकांत काही कथा आल्यात एवढंच. पण आकड्यांची सवय असल्यामुळं शब्दांचा हिशेबही मी जरा जास्तच मनावर घेतला असं घरचे म्हणतात, म्हणू देत.

कादंबरी कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरातली. शुक्रवार पेठेतली पोरं, गल्लीतली एक आजी जी गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध देते, आणि पाणी गल्लीत शिरायच्या आत ती म्हैस कुठंतरी उंचावर न्यायची. एवढीच गोष्ट. वय साधारण दहा ते बारा, म्हणजे पाचवी-सहावीची पोरं डोळ्यासमोर धरलेली.

सुरुवातीला नेटवर वाचलं तर सगळीकडं इंग्रजीचे आकडे. आठ ते बारा वयाच्या कादंबरीला ३० ते ५० हजार शब्द, त्याहून लहान पोरांच्या पुस्तकाला दहा-पंधरा हजारांच्या आत, मोठ्या पोरांना ५० हजारांच्या पुढं, वगैरे वगैरे. मी आपलं ४० हजार पक्कं केलं आणि बसलो लिहायला. दिवसाला किती लिहायचं याचाही सल्ला तिथंच असतो, महिन्यात ५० हजार लिहायचं जे चॅलेंज असायचं त्यात दिवसाला १,६६७ शब्द पडतात, मला नोकरी सांभाळून तेवढं शक्य नव्हतं म्हणून पाचशे ठेवले. रात्री जेवण झालं की बसायचं आणि पाचशे झाल्याशिवाय उठायचं नाही.

हे रोजचं टार्गेट सुरुवात करायला बेस्ट, यात वादच नाही. पण पोरांच्या कादंबरीला ते एका जागी नडतं. साडेतीनशेवर प्रसंग संपला की उरलेले दीडशे कुठनं आणायचे? मग रंकाळ्यावरचा वारा येतो, आईच्या हातचा रस्सा येतो, गल्लीतल्या प्रत्येक घरात कोण राहतं ते येतं. मोठ्यांच्या पुस्तकात हे खपून जातं, पोरगं मात्र सरळ पान उलटतं. दुसऱ्या महिन्यापासनं मी शब्द मोजायचं सोडून प्रसंग मोजायला लागलो, आज एक प्रसंग लिहायचा, तो दोनशेत होवो नाहीतर नऊशेत, झाला की लॅपटॉप बंद.

तरी पहिला खर्डा संपला तेव्हा आकडा होता ४१,३००.

खर्डा घेऊन ओळखीच्या एका प्रकाशकांना फोन लावला आणि अभिमानानं सांगितलं की ४१ हजार शब्द झालेत. ते म्हणाले, "शब्दांचं राहू द्या हो, फॉर्म किती होतील ते सांगा." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पुस्तक छापताना एका मोठ्या कागदावर एकदम १६ पानं बसतात, तो एक फॉर्म. म्हणजे पुस्तक ८० पानी, ९६ पानी, ११२ पानी, १२८ पानी असं १६ च्या पाढ्यातच वाढतं. कागद, छपाई, बांधणी, सगळं फॉर्मवर ठरतं आणि त्यावरनं किंमत. ते म्हणाले की पोरांच्या पुस्तकाला सात फॉर्मच्या वर जायला नको, आई-बाप पुस्तक उलटं करून आधी किंमत बघतात. मला हे पटलं पण आणि नाही पण, कारण तीच आई-बाप मंडळी पोराला इंग्रजी जाडजूड पुस्तक आनंदानं घेऊन देतात. पण ते भांडण प्रकाशकाशी करून उपयोग नव्हता.

मग मी एक्सेल उघडलं. सात फॉर्म म्हणजे ११२ पानं. त्यातली सुरुवातीची सहा गेली, शीर्षक, प्रकाशकाची माहिती, अर्पण, मनोगत, अनुक्रमणिका यात. राहिली १०६. दहा पानभर चित्रं घालायची ठरलेली, राहिली ९६. प्रकरणं १८ धरली, प्रत्येक नवं प्रकरण नव्या पानावर, म्हणजे आधीच्या प्रकरणाचं शेवटचं पान सरासरी अर्धं मोकळं, ती नऊ पानं गेली. राहिली ८७. डेमी साइजच्या, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढ्या पानावर पोरांसाठी जरा मोठा टाइप घेतला की साधारण २२० शब्द बसतात. ८७ गुणिले २२०, १९,१४०.

माझ्याकडं ४१ हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त उडवायचं. त्या रात्री मी काही जास्त जेवलो नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ती मला एक्सेलमध्ये खेळतानाच लक्षात आली. इंग्रजीतले ते ३०-५० हजार आपल्याला जसेच्या तसे लागूच होत नाहीत. आपल्याकडं प्रत्यय शब्दाला चिकटतो, 'गल्लीतल्यांनासुद्धा' हा मोजणीत एकच शब्द, 'तालमीपासनं' एकच. तेवढंच इंग्रजीत सांगायला तीन-चार शब्द जातात. त्यामुळं मराठीतले वीस हजार शब्द म्हणजे गोष्ट काही छोटी नसते, वाचणाऱ्याला चांगली भरपूर लागते. आणि मोजणी होते ती नुसत्या मोकळ्या जागेवर. 'हळूहळू' जोडून लिहिलं की एक, तोडून लिहिलं की दोन. वर्डमध्ये दोन्हीकडं जागा सोडून नुसती एक डॅश टाकली तरी ती एक शब्द म्हणून मोजली जाते, आणि माझ्या संवादांत डॅशांचा सुळसुळाट होता! अक्षरांच्या आकड्याकडं तर बघूच नका, 'स्त्री' हा आपल्याला अक्षर म्हणून एक दिसतो, मशीन त्यात सहा मोजतं, पाय मोडल्याच्या खुणा, वेलांट्या सगळं धरून. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबलं की दोन्ही आकडे येतात, त्यातला शब्दांचा तेवढा घ्यायचा.

तर कापायला सुरुवात केली. पहिल्यांदा कुणीही करेल तेच केलं, वाक्यं बारीक करायला घेतली. एक नमुना दाखवतो, यातला संज्या म्हणजे गोष्टीतल्या पोरांपैकी एक. आधी असं होतं:

"संज्यानं खिडकीतनं बाहेर वाकून बघितलं तर त्याला असं दिसलं की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापर्यंत काल रात्री आलेलं पाणी आता हळू हळू पुढं सरकत सरकत शिंदेकाकूंच्या घराच्या पहिल्या पायरीपर्यंत येऊन पोचलेलं होतं."

हे ३२ शब्द. नंतर असं झालं:

"संज्या खिडकीतनं वाकला. काल पाणी खांबापाशी होतं. आज काकूंच्या पहिल्या पायरीला."

हे ११. बघायला लई भारी वाटतं, एकतृतीयांश झालं की! पण अशी जाड वाक्यं किती असतात? संवाद आधीच बारीक असतात, त्यातनं काही निघत नाही. चार प्रकरणं अशी घासून बघितली आणि हिशेब केला तर सगळी कादंबरी घासली तरी पाचेक हजार निघतील असं दिसलं. ४१ चे ३६. आणि त्याला महिने जाणार, शिवाय जे प्रकरण पुढं जाऊन उडणारच आहे त्याची वाक्यं घासण्यात अर्थ काय? तिथं थांबलो ते बरं झालं.

मग एक्सेलमध्ये वेगळा तक्ता केला. उभ्यात प्रकरणं, आडव्यात पात्रं आणि उपकथानकं, आणि कुठल्या गोष्टीनं किती शब्द खाल्लेत ते साधारण अंदाजानं भरलं. एक रविवार गेला यात, पण सगळं चित्रच समोर आलं. लांबी वाक्यांत नव्हतीच, ती फुटबॉलमध्ये होती.

आता कोल्हापूरच्या पेठेतली पोरं म्हटल्यावर फुटबॉल येणारच की. संज्याचा मोठा भाऊ तालमीच्या टीमकडनं खेळणारा, शाहू स्टेडियमवरची मॅच, गल्लीत लागलेले झेंडे, दुसऱ्या पेठेतल्या पोरांशी खुन्नस, हे सगळं मी मन लावून लिहिलेलं. पण घोटाळा असा की आपला फुटबॉल हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्याआधी उरकतो, आणि महापूर आला ऑगस्टात. दोन्ही एका पुस्तकात पाहिजेत म्हटल्यावर गोष्ट जानेवारीपासनं ऑगस्टपर्यंत ओढावी लागली. मग परीक्षा आली, सुट्टी आली, आजोळ आलं, शाळा परत सुरू झाली. म्हैस पहिल्यांदा दिसायची ती सातव्या प्रकरणात! फुटबॉलचे स्वतःचे शब्द सहा-साडेसहा हजारच होते, पण त्याच्यापायी जे आठ महिने सांभाळावे लागले त्यांचे आणखी पाच. एक धागा काढला आणि ११ हजार शब्द गेले. गोष्ट आठ महिन्यांची होती ती नऊ दिवसांची झाली. पोरांच्या कादंबरीत शब्द कमी करायचे असतील तर मी तर म्हणतो आधी कॅलेंडर बघा, गोष्ट किती दिवस चालते ते. प्रत्येक 'त्यानंतर महिनाभरानं' मागनं शंभर-दीडशे शब्द घेऊन येतो.

दुसरे गेले मधूकाका. हे पुण्याहून आलेले इंजिनिअर काका, यांचं काम एकच, पोरांना माहिती द्यायची. पंचगंगा कशी तयार होते, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला कशा एकत्र येतात, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कसे आपोआप उघडतात, आधी चिखली-आंबेवाडीलाच पाणी का शिरतं. सगळी माहिती खरी आणि माझ्या आवडीची. पण चार हजार शब्द! आणि काका बोलायला लागले की गोष्ट पाटावर मांडी घालून बसायची.

काका काढले तर ती माहिती कशी द्यायची यावर मी बरेच दिवस अडलो. तोडगा निघाला तो २०१९ मधल्याच आठवणीतनं. तेव्हा सगळं शहर दर तासाला एकच गोष्ट विचारत होतं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? व्हॉट्सॲपवर तेच, दूध आणायला गेलं तरी तेच, आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाल्यावर दूध मिळणंच मुश्किल झालं तेव्हा रांगेतही तेच. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. मग मी प्रकरणांची नावंच काढून टाकली आणि तिथं पातळी टाकली. पहिलं प्रकरण '३१ फूट'. सहावं '३९ फूट'. नववं '४३ फूट'. झालं, दोन शब्दांत काम. किती वेळ गेला ते सांगायला नको, पाणी वाढलं ते सांगायला नको, घाबरायचं कधी ते पण सांगायला नको. बाहेरगावच्या पोरांसाठी इशारा आणि धोका म्हणजे काय ते दुसऱ्या प्रकरणात आजीच्या तोंडी दोन वाक्यांत घातलं. राधानगरीचे दरवाजे फक्त एकदा येतात, 'पाचवं दार उघडलं म्हणं' अशी बातमी घेऊन एक पोरगं पळत येतं तिथं, आणि तेवढं पुरतं.

हीच पट्टी मग मी माझ्या एक्सेललाही लावली. प्रकरणाचे शब्द हजाराच्या वर गेले की रकाना पिवळा, इशारा पातळी. बाराशेच्या वर गेले की लाल, धोका. बायको म्हणाली, "तुम्हाला पाऊस संपला तरी पूर संपेना."

तिसरं, पोरं कमी केली. पाच मित्र होते, प्रत्येकाला काहीतरी बोलायला द्यावं लागायचं. कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की पाच जणांची पाच वाक्यं, मग त्यावर उत्तरं, ग्रामसभाच. पाचाची तीन केली. बंड्या आणि ओंकार एकत्र करून एकच ओंकार ठेवला, तो आता भित्रा पण आहे आणि खादाड पण, आणि खरं सांगायचं तर आता तो पहिल्यांदा माणूस वाटायला लागला. तीन-साडेतीन हजार इथं निघाले. सगळं मिळून आता २२-२३ हजारांवर आलो होतो आणि सुरुवातीची ती चार प्रकरणं सोडली तर अजून एकही वाक्य घासलं नव्हतं.

या टप्प्याला मी खर्डा भाच्याला दिला. भाचा सहावीत, इंग्रजी मीडियम, मराठी वाचतो पण सावकाश. ताईचं म्हणणं होतं की तो वाचणारच नाही. त्याला सांगितलं, "तू चांगलं-वाईट काय सांगू नको, फक्त वाचताना जिथं उठशील, पाणी प्यायला असू दे, मोबाईल बघायला असू दे, तिथं पेन्सिलीनं टिक कर." बक्षीस म्हणून राजाभाऊची भेळ ठरली.

टिका बघितल्यावर माझा सगळा अंदाज उलटा पडला. मला वाटत होतं लांब प्रकरणात जास्त उठेल. सगळ्यात लांब प्रकरण होतं म्हशीला शाळेच्या जिन्यावरनं वर चढवायचं, १,९०० शब्द, माझ्या तक्त्यात लालभडक. त्यात एकही टिक नाही. उलट एक ८०० शब्दांचं प्रकरण होतं, त्यात गल्लीतली मोठी माणसं घरं सोडायची की नाही यावर बोलत बसतात, त्यात चार टिका. विचारलं तर म्हणाला, "मामा, त्यात संज्या नुस्ता उभाय." बस्स. मग पेन घेऊन मी सगळ्या कादंबरीत जिथं जिथं मोठी माणसं एकमेकांशी बोलतात आणि पोरं नुसती ऐकत उभी राहतात त्या जागा काढल्या. काही ठिकाणी तेच बोलणं पोरं दाराआडनं चोरून ऐकतात असं केलं, अर्धवट ऐकू येतं, त्यामुळं शब्द आपोआप अर्धे. जिन्याचं प्रकरण मात्र मी बाराशेत कोंबलं नाही, १,४०० वर ठेवलं. लाल तर लाल.

आणखी एक गोष्ट भाच्यामुळं कळली. तो झोपायच्या आधी एक प्रकरण वाचायचा आणि प्रकरण अर्धवट राहिलं की दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घ्यायची टाळाटाळ करायचा, कारण आधीचं काय ते आठवायला लागायचं. म्हणून प्रकरण एका बैठकीत संपायला पाहिजे हे पक्कं झालं. मी मोठ्यानं वाचून बघितलं, फोनवर टाइम लावून, मला मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जमतात, म्हणजे साडेनऊशेचं प्रकरण आठ-नऊ मिनिटांत होतं. आईनं किंवा बाईंनी वाचून दाखवायलाही हे बरं पडतं. मोठ्यानं वाचताना ज्या वाक्याला माझा दम तुटला ते वाक्य तोडलं, यासाठी दुसरा कुठला नियम लागला नाही.

आता घासायला बसलो. 'करायला लागला होता', 'जाऊन बसलेला होता', 'त्याला असं वाटलं की', 'खरं म्हणजे', 'त्याच वेळी' असल्या गोष्टी शोधून शोधून काढल्या. फाइंडमध्ये 'असं वाटलं' टाकलं तर १०० च्या वर निघाले, लाजच वाटली. 'लागला होता' तर विचारूच नका. विशेषणं मी म्हणावी तेवढी काढली नाहीत, लोक उगाच विशेषणांच्या मागं लागतात, पोरांना पिवळाधम्मक आणि काळाकुट्ट आवडतो. १८,६०० वर आलो. १९ हजारांच्या आत! मी प्रकाशकांना मेसेज टाकला.

त्यांनी लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या डीटीपीवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावणाऱ्या आण्णांकडं पाठवलं. आण्णांनी माझा एक्सेलचा कागद बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे २२० कुठनं आणलं?" मी म्हटलं, पान मोजून. म्हणाले, "कसलं पान, वर्णनाचं का संवादाचं?" मग त्यांनी माझं एक प्रकरण तिथल्या तिथं लावून दाखवलं. अकराशे शब्दांचं होतं, माझ्या हिशेबानं पाच पानं. झाली साडेसहा. कारण सरळ आहे, "व्हय." एवढीच ओळ असली तरी ती अख्खी ओळ खाते, आणि माझी पोरं सारखी "व्हय", "नको", "चल की" असंच बोलतात. संवादाच्या पानावर १६०-१७० शब्द बसतात, वर्णनाच्या पानावर २२०. माझ्या पुस्तकात दोन्ही मिसळून सरासरी आली १९० च्या आसपास. ८७ गुणिले १९०, साडेसोळा हजार. म्हणजे परत दोन हजार जादा.

म्हणून ज्यांना पुस्तक करायचंय त्यांना माझं एकच सांगणं, खर्डा निम्मा झाला की एक प्रकरण डीटीपीवाल्याकडनं लावून घ्या, शक्यतो जास्त संवादाचं. फार पैसे लागत नाहीत. मी आधी केलं असतं तर रकान्यांचे रंग तरी बरोबर लागले असते.

ते दोन हजार काढताना मात्र जीवावर आलं. इतके दिवस जे गेलं ते गेल्यावर बरंच वाटलं होतं, आता मात्र चांगलं काढायचं होतं. पन्हाळ्याच्या रस्त्यावरनं पोरं खालचा सगळा परिसर पाण्याखाली गेलेला बघतात असं एक अख्खं प्रकरण होतं, ९०० शब्दांचं. सुंदर होतं, माझंच म्हणून नाही, ताईलाही आवडलेलं. पण म्हैस त्यात नव्हती आणि पाणी सगळीकडं चढलेलं असताना पोरं तिथवर पोचली कशी हे पण मी जरा ओढूनताणूनच बसवलेलं होतं. गेलं. बाकीचे हजार-अकराशे सगळ्या प्रकरणांतनं पन्नास-साठ, पन्नास-साठ असे काढले. १६,७०० वर थांबलो आणि प्रकाशकांना सांगितलं की आता याच्या खाली गेलं तर म्हैस बुडेल.

कापलेलं सगळं मी 'भंगार' नावाच्या फाइलमध्ये ठेवलंय. फुटबॉलचे ११ हजार तिथंच आहेत, त्याचं वेगळं पुस्तक होतंय का ते बघू, तिथं पूर येणार नाही एवढं नक्की.

सगळं पुस्तक लावून झालं आणि आण्णांचा फोन आला, ११४ पानं. दोन पानं जास्त! एका अर्थी जवळ आलो होतो, पण फॉर्मच्या हिशेबात दोन पानं म्हणजे फार. एकतर अर्धा फॉर्म वाढवा, म्हणजे १२० पानं आणि त्यातली सहा कोरी, किंमत वाढणार ते वेगळंच, नाहीतर दोन पानं काढा. मी म्हटलं, झालं, आणखी चारशे शब्द. आण्णा म्हणाले, "थांबा हो, शेपटं बघूया." हे मला नवीन होतं. ज्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर नुसत्या चार-पाच ओळी सांडल्यात ते शेपूट. त्या चार ओळी मागं घेतल्या की अख्खं पान वाचतं. अशी दोन प्रकरणं निघाली, '३६ फूट' आणि '४३ फूट'. एकात पाच ओळी, एकात चार. प्रकरणात कुठं परिच्छेदाची शेवटची ओळ एका शब्दावर संपतेय ते बघायचं, तेवढा एक शब्द काढला की ओळ वाचते. पन्नास-साठ शब्दांत दोन पानं गेली. तिकडं दोन हजार कापताना जीव गेला आणि इथं पन्नास शब्दांत काम झालं, म्हणजे आकडा कितीही जपला तरी शेवटी शब्द कुठल्या पानावर सांडतात यावर पण असतंच.

माझं मनोगत पण तेव्हाच गेलं, दोन पानी होतं, महापूर, बालसाहित्य, वाचनसंस्कृती असं सगळं घेतलेलं. आता पाच ओळी आहेत. पोरं तसंही मनोगत वाचत नाहीत, उरलेल्या पानावर एक जादा चित्र बसलं.

सध्या काम चित्रकाराकडं आहे. बरीचशी चित्रं आल्यात आणि पोरं एकदम मस्त काढलीत, ओंकार तर बघण्यासारखा. फक्त म्हशीची शिंगं त्यांनी मुऱ्हा जातीच्या म्हशीसारखी गोल वळवलीत. आपल्या आजीची म्हैस पंढरपुरी, तिची शिंगं लांब, पार खांद्याच्या मागं जाणारी, आणि जिन्यात अडकतात तीच. त्यावर तर १,४०० शब्द ठेवलेत मी. ती परत काढायला सांगितलीत.